इंटरनेट गेलं तरी घरातली हाक पोचते

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. गडचिरोलीत पावसाळ्यातली ही नेहमीची बातमी. आलापल्लीहून येणारा रस्ता पुलापाशी थांबतो, वीज जाते, मोबाइल मुके होतात. समजा अशा एखाद्या दिवशी वीज परत आली, पण इंटरनेट आलं नाही. घरात जुना डेस्कटॉप आहे, चंद्रपूरला शिकणाऱ्या मुलीचा लॅपटॉप आहे आणि राउटरवर इंटरनेटचा दिवा लाल आहे. आता काही होणार नाही, असं बहुतेकांना वाटेल. खरं तर त्या दोन संगणकांमध्ये हजारो फोटो, शाळेची कागदपत्रं, अख्खे सिनेमे इकडून तिकडे जाऊ शकतात. त्यासाठी पुलापलीकडचं जग लागतच नाही. मला याचं नवल अजूनही वाटतं.

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८.१.५ हा पत्ता भामरागडच्या घरात असतो, बल्लारपुरात असतो आणि टोकियोतही असतो. तरी कुठे घोटाळा होत नाही, कारण तो पत्ता घराचा उंबरठा ओलांडत नाही.

पण नुसत्या पत्त्यावर माल पोचत नाही. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो. असे २८१ लाख कोटी क्रमांक होऊ शकतात. त्यातला समोरच्याचा कोणता, हे डेस्कटॉपला कसं कळणार? पाड्यावर उभं राहून हाक मारावी तसा तो सगळ्यांना एकदम विचारतो, “१९२.१६८.१.५ कोण?” हाक सगळ्यांना ऐकू जाते, पण ओ देतो तो एकटा लॅपटॉप. बाकीचे गप्प राहतात. हा नियम डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली लिहिला. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, तेच वर्ष. या क्षणी तुमच्या घरातही तोच नियम चालू आहे.

दोघांनी एकदम हाक मारली तर? याचं उत्तर बेटांवर सापडलं. हवाई विद्यापीठाच्या वेगवेगळ्या बेटांवरच्या शाखा जोडायला नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली रेडिओचं जाळं उभारलं. दोन संदेश आपटले की पोच येत नसे. मग दोघेही थोडं थांबत, पण कोणी किती थांबायचं हे नशिबावर सोडलेलं असे. त्यामुळे पुढच्या वेळी ते सहसा आपटत नसत. ही युक्ती सुधारून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली इथरनेटची कल्पना मांडली. आजचं वायफायही असंच अंदाजाने थांबून बोलतं. बेटांसाठी निघालेली युक्ती पुरात बेट झालेल्या गावातही काम करते, हे मला फार भावतं.

मग फायली दिसत नाहीत तेव्हा अडतं कुठे?

सगळ्यात जास्त लोक पहिल्याच ठिकाणी हताश होतात. विंडोजमधली ‘नेटवर्क’ची खिडकी उघडली, तर ती रिकामी. पूर्वी घरातले संगणक आपसात निवडणूक घेऊन एकाला यादी सांभाळायला बसवत. बाकीचे साधारण दर १२ मिनिटांनी त्याच्याकडे हजेरी लावत. बंद केलेला संगणक अर्ध्या तासाहून जास्त वेळ यादीत दिसत राहायचा, तो त्यामुळेच. ही सगळी व्यवस्था फायली देण्याघेण्याच्या एसएमबी या भाषेच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीवर उभी होती. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच आवृत्तीतल्या भगदाडातून जगभर पसरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती आवृत्ती आपोआप येईनाशी झाली. तिच्याबरोबर जुनी यादीही गेली. आता ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाची सेवा दोन्हीकडे चालू असली, तरच संगणक एकमेकांना दिसतात.

पण यादीत नाव नाही म्हणजे दार बंद, असं मुळीच नाही. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा टाका, पुढे समोरच्याचा पत्ता (त्याच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवलं की दिसतो) लिहा आणि एंटर दाबा. फोल्डर उघडलं तर बिघाड फक्त यादीत होता. मी ही चाचणी सगळ्यात आधी करायला सांगेन. समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणाऱ्या ‘पिंग’ या आज्ञेवर मात्र निकाल देऊ नका, कारण विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंग अडवते आणि फायली तरी जातात.

उघडलं नाही, तर दोन्हीकडे आयपीकॉन्फिग चालवून पत्ते बघा. एकाचा १९२.१६८ आणि दुसऱ्याचा १६९.२५४ असेल, तर दुसऱ्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. हा १६९.२५४ स्वतः एक छोटा चमत्कार आहे. कोणी पत्ता देईना, तेव्हा यंत्र ६५,०२४ पत्त्यांमधून एक उचलतं, “हा कोणाचा आहे का?” असं विचारतं आणि कोणी हरकत घेतली नाही तर तो आपला मानतं. म्हणून राउटर जळाला तरी दोन लॅपटॉपना एका केबलने थेट जोडा. दोघेही असे पत्ते घेतात आणि बोलू लागतात. गिगाबिटची केबल असेल आणि डिस्क वेगवान असेल, तर एक जीबीची फाइल सुमारे १० सेकंदांत जाते.

पत्ते ठीक असतील, तर लॅपटॉपचा स्वभाव तपासा. हॉस्टेलच्या वायफायवर ‘पब्लिक’ निवडायची सवय लागलेली असते आणि घरीही तेच निवडलं जातं. मग लॅपटॉप घरच्यांनाही अनोळखी समजून दार लावून घेतो. घरच्या नेटवर्कसाठी ‘प्रायव्हेट’ निवडा. एक यंत्र राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल, तर बहुतेक राउटर त्याला बाकीच्यांपासून मुद्दाम वेगळं ठेवतात.

पासवर्ड विचारला आणि तो काही केल्या चालेना, तर लक्षात घ्या, रोज टाकता तो चार आकडी पिन इथे चालत नाही. तो त्या यंत्रापुरताच असतो. खात्याचा खरा पासवर्ड लागतो आणि पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. आत शिरल्यावरही ‘परवानगी नाही’ असं आलं, तर परवानग्या तपासा. फोल्डरवर दोन पहारे असतात, एक शेअरिंगचा आणि दुसरा डिस्कवरच्या फायलींचा. दोघांपैकी जो कडक, त्याचंच चालतं.

शेवटी एक कळकळीची विनंती. एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा, सगळं दिसेल, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ते करू नका. डेस्कटॉप विंडोज एक्सपीचा असेल, तर त्याला फक्त तीच भाषा येते. त्याच्यासाठी पेनड्राइव्ह वापरा.