पांढरी आणि काळी

नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे निघाले की वाटेत नायगाव लागते. आज ते तालुक्याचे ठाणे आहे आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानांची रांग लागली आहे. परंतु मुख्य रस्ता सोडून आजूबाजूच्या एखाद्या लहान गावात शिरले, की मराठवाड्याचे जुने खेडे अजून ओळखता येते. अशा गावातील वृद्ध माणसे आपल्या मुलखाचे दोनच भाग मानतात. जेथे घरे आहेत ती पांढरी आणि जेथे पीक येते ती काळी. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, चुलींची राख व शेणमाती एकमेकींत मिसळली. त्यामुळे वस्तीखालची माती फिकट झाली. तिच्याभोवती पसरलेले शिवार मात्र काळेभोर. गावातील सारी मालमत्ता या दोन मातींवर उभी असते; पण दोहोंची रीत अगदी निराळी.

आधी पांढरीकडे पाहू. जुने घर दगडमातीचे असे. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद. त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. या छपराला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात हे घर थंड राही आणि माळवदावर धान्य वाळविता येई. घर किती मोठे हे फुटांनी सांगत नसत, खणांनी सांगत. दोन खणांचे घर म्हणजे गरिबाचे. मोठ्या जमीनदाराचा चौसोपी वाडा असे, त्याला दगडी दरवाजा आणि आत शिरताच बसण्यासाठी ढेळज. धान्य ठेवण्यासाठी बळद असे, आणि ज्यांची ज्वारी बळदात मावत नसे ते जमिनीत पेव खणीत. म्हणजे घर हे केवळ निवाऱ्याचे ठिकाण नव्हते. ती कुटुंबाची तिजोरी होती. बँका गावापर्यंत पोचल्या त्या फार पुढे.

या घरांना बहुधा सामाईक भिंत असे. ती कोणाची? अर्धी याची, अर्धी त्याची. शेजाऱ्याने माळवदाचे पाणी कोणीकडे सोडावे, मोरी कोठून न्यावी, या गोष्टी कोठे लिहिलेल्या नसत. त्या शेजारच्या घरातील आजीला ठाऊक असत.

काळीचा कारभार याहून रेखीव. शेताच्या कडेने बांध असतो; त्यालाच कोणी धुरा म्हणतात. बांधाच्या कोपऱ्यांवर मोजणीच्या वेळी पुरलेले दगड असतात. जमीन एकरांत आणि गुंठ्यांत मोजतात. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद तुकडा. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. ३३ फूट लांबीची साखळी घेऊन मोजणीदार शिवारात हिंडत, त्या काळातले हे माप आहे. मोजणी कितीही काटेकोर असो, लोभाला ती पुरत नाही. नांगरताना दर वर्षी एकच तास बांधाच्या अंगात घालावयाचा, म्हणजे दहा वर्षांत बांध शेजाऱ्याच्या शेतात सरकतो. यालाच बांध कोरणे म्हणतात, आणि गावातील कितीतरी भांडणांचे मूळ तेथेच सापडते.

वाटणीची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. सोळा एकरांचा धनी वारला आणि त्याला चार मुलगे असले, तर प्रत्येकाला चार एकर येतात. त्यांतील एकाला पुन्हा चार मुलगे झाले, तर नातवांच्या वाट्याला एकेक एकर. जमीन कापता येते, पण विहीर कशी कापावी? म्हणून तिच्यात हिस्से धरतात. रुपयाचे सोळा आणे असत, त्या हिशेबाने कोणाचा चार आणे, कोणाचा आठ आणे. आणे चलनातून जाऊन सहा दशके उलटली, तरी विहिरीतील वाटा अजून आण्यांनी सांगणारी माणसे भेटतात. पाणी पाळीने घेतात. ज्याची पाळी रात्री येते त्याने रात्री जागावे, हे सर्वांनी मान्य केलेले असते.

याखेरीज गावात अशीही जागा असते की जिच्यावर कोणा एकाचे नाव नसते. गुरे चारण्याचे गायरान, शेतांकडे जाणारी पाणंद, स्मशान, ओढ्याचा काठ. ही सर्वांची म्हटली जात असे. परंतु ‘सर्व’ या शब्दात गाव कोणाकोणाला धरीत होते हे विचारले, तर उत्तर अभिमानाचे नाही. गावकुसाबाहेर राहणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांना गावच्या आडावर पाणी भरू देत नसत. गावची कामे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, पण काळीत त्यांचा तुकडा असला तर तो लहानसा वतनाचा, पुष्कळदा तोही नाही. पुढे यांतील अनेक भूमिहीनांनी पडीक गायरान फोडून पेरण्यास सुरुवात केली. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात असंख्य लोक तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या अशा लोकांचा ताबा कायम करावा, असे महाराष्ट्र शासनाने १९९१ मध्ये ठरविले. तरीही कागदावर नाव चढण्यासाठी कित्येकांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले.

कागदाचे महत्त्व मराठवाड्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण कागदानेच येथील शेतकऱ्याला पुष्कळदा नाडले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची काही जमीन थेट सरकारच्या, काही जहागीरदारांच्या, तर सर्फ-ए-खास म्हणून ओळखली जाणारी जमीन निजामाच्या स्वतःच्या खर्चासाठी राखलेली. महसुलाचे दप्तर उर्दूत असे. ज्याच्या हाताला नांगराचे घट्टे, त्याला आपल्या शेताच्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसे. कोणी बटईने शेत करी आणि निम्मे पीक मालकाच्या खळ्यावर नेऊन घाली. कोणी सालगडी म्हणून राही; त्याचे साल गुढीपाडव्याला सुरू होई आणि पुढच्या पाडव्याला संपे. संस्थान मुक्त झाल्यावर १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. ज्या कुळांची नावे नोंदली गेली, त्यांतील पुष्कळजण पुढे मालक झाले. ज्यांची नोंदलीच गेली नाहीत, ते तसेच राहिले.

आता प्रत्येक शेताचा सातबारा असतो. गावच्या दप्तरातील सातवा नमुना जमीन कोणाची हे सांगतो आणि बारावा नमुना तीत काय पेरले हे सांगतो; दोन्ही एका कागदावर येतात, म्हणून सातबारा. त्यावर फार काळ केवळ पुरुषांची नावे दिसत. पहाटे उठून भाकरी बांधणारी, खुरपणारी, कापूस वेचणारी बाई त्या कागदावर शोधूनही सापडत नसे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतका जन्मसिद्ध वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाला, आणि २००५ मध्ये तो सर्व देशाला लागू झाला. भावाला वाईट वाटू नये म्हणून हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी मात्र आजही पुष्कळ आहेत.

शेताला असा सातबारा मिळाला, तसा घराला मिळाला होता काय? नाही. लहान गावांच्या गावठाणात घरनिहाय मोजणी झालेलीच नव्हती. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत नाव असे, तेवढाच पुरावा. एरवी त्याची अडचण कोणाला भासली नाही. भिंत उभी होती, शेजारी जिवंत होता. मग नकाशा कशाला हवा?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने हादरली. नायगावाच्या नैर्ऋत्येचा हा मुलूख. घरे तशीच, दगडमातीची आणि माळवदाची. ज्या जाड भिंतींनी उन्हापासून राखले होते, त्याच निजलेल्या माणसांवर कोसळल्या, आणि वर छपराच्या मातीचा ढीग. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. बळदातले धान्य, पेटीतले दागिने, कागदपत्रे सारे त्या ढिगाऱ्यात गेले. गल्ली कोठे होती, सामाईक भिंत कोठे होती, हे ओळखता येईना. काही घरांत तर हक्क सांगायलाही कोणी उरले नाही. मागे राहिलेल्यांना विचारून वारस ठरवावे लागले.

काळी मात्र होती तेथेच होती. तिच्या हद्दी जागच्या जागी होत्या आणि तिचे कागदही दप्तरात होते. म्हणून शासनाने ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरविले, तेव्हा कोणाला केवढे घर द्यावे याचे माप काळीवरून काढले. जो भूमिहीन होता किंवा ज्याची जमीन एक हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच एकरांपर्यंत होती, त्याला २५० चौरस फुटांचे घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४५० चौरस फुटांचे. त्याहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फुटांचे. पंचवीस फूट लांब व दहा फूट रुंद जागा आखून पाहा; लहानात लहान घर एवढे होते. वाटण्या होत होत ज्याच्या वाट्याला एकच एकर आले होते, त्या नातवाचे घरही त्यामुळे लहान झाले. या मापाला कोणी अन्याय म्हणेल. पण दुसऱ्या बाजूने पाहिले, तर ज्या भूमिहीनाचे आजवर झोपडे होते, त्याला प्रथमच पक्के घर मिळाले; आणि चौसोपी वाड्याचा धनीही एका गुंठ्याहून लहान घरात आला. नव्या गावांचे रस्ते सरळ आणि रुंद आखले होते. शेजारी दूर दूर गेले, गुरे कोठे बांधावीत हा प्रश्न पडला, आणि पुष्कळांना ते आपले गाव वाटायला वर्षे लागली.

पांढरी पुसली जाणे म्हणजे काय, हे समुद्राकाठच्या लोकांनीही पाहिले आहे. इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचेह नावाचा प्रांत आहे. तेथील खेड्याला गाम्पोंग म्हणतात. किनाऱ्यावरच्या गाम्पोंगात कोणी भातशेती करी, कोणी होडी घेऊन मासेमारीला जाई. समुद्राचाही तेथे एक मुखिया असतो, त्याला पांगलिमा लाओट म्हणतात. कोणी कोठे जाळे टाकावे याचे वाद तो मिटवितो, आणि शुक्रवारी मासेमारी बंद ठेवण्याची रीत सांभाळतो. आपल्याकडच्या वाचकांना नवल वाटेल अशी आणखी एक चाल तेथे आहे. काही भागांत आईबाप राहते घर मुलीला देतात. लग्नानंतर जावई तेथे राहावयास येतो आणि बाईलाच घराची धनीण म्हणतात.

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी भूकंप झाला आणि त्यामागून त्सुनामीच्या लाटा आल्या. आचेहमध्ये दीड लाखाहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. किल्लारीला काळी शाबूत राहिली होती. येथे तीही राहिली नाही. कुंपणे, झाडे, बांध वाहून गेले, आणि किनाऱ्याचा काही भाग तर कायमचा पाण्याखाली गेला. हातात कागद आहे, पण कागदावरची जमीन समुद्रात आहे, असे नशीब काहींच्या वाट्याला आले. बहुतेकांकडे तर कागदही नव्हता, कारण तेथील बरीचशी जमीन सरकारदप्तरी नोंदलेलीच नव्हती. बांदा आचेह शहरातील जमिनीची दप्तरे चिखलपाण्याने भिजली. जपानी तज्ज्ञांच्या साह्याने ती गोठवून वाळविली, तेव्हा वाचली. मग सीमा कशा ठरविल्या? वाचलेले लोक रिकाम्या चिखलात एकत्र उभे राहिले. आपले घर येथे, त्यापलीकडे अमक्याचे, असे एकाने सांगावे आणि शेजाऱ्याने होय म्हणावे. त्याप्रमाणे खुणा करून नकाशे काढले, मग सरकारी मोजणीदारांनी ते तपासून घेतले. जेथे लहान मूलच तेवढे उरले होते, तेथे त्याच्या वतीने गावाला बोलावे लागले.

महाराष्ट्रातील गावठाणांची मोजणीही आता होऊ लागली आहे. पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावी तिचा आरंभीचा प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये देशभर स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन नावाचे लहानसे विमान माणसाविना गावावरून फिरते आणि वरून छायाचित्रे घेते. त्यांवरून नकाशा होतो आणि प्रत्येक घराला मिळकत पत्रिका मिळते. परंतु आकाशातून भिंत दिसते, ती कोणाची हे दिसत नाही. म्हणून ड्रोन येण्यापूर्वी गावकऱ्यांनी आपापल्या हद्दी चुन्याने आखावयाच्या असतात.

त्या दिवशी सकाळी पांढरीत मोठी लगबग असते. कोणी चुन्याचे घमेले घेऊन, कोणी दोरी धरून उभा. दोन शेजारी मोरीपाशी अडतात. एक म्हणतो, रेघ अलीकडून जाऊ द्या. दुसरा म्हणतो, पलीकडून. शब्दाने शब्द वाढतो. अखेर कोणीतरी जाऊन समोरच्या घरातील आजींना हात धरून आणतो. त्या काठी टेकीत येतात, क्षणभर पाहतात आणि काठीचे टोक जमिनीवर ठेवतात. दोघेही गप्प होतात, आणि चुन्याची रेघ तेथून पुढे जाते.