वाळवंटी घर वेल्ह्याच्या पावसात

वेल्ह्यात पानशेत-गुंजवणीच्या आसपास हल्ली अशी शेतघरं दिसू लागली आहेत: पांढरा चौकोनी ठोकळा, सपाट छत, ना पडवी ना वळचण. फोटोत झकास. पण हे रूप वाळवंटातलं, आणि तिथे ते शोभेसाठी नसतं. दीड फुटी मातीची भिंत दिवसाचं ऊन पोटात घेते. ते आत पोचायला दहा-बारा तास लागतात, तोवर रात्र झालेली असते. कोरड्या, निरभ्र आकाशाखाली सपाट छतही भराभर निवतं. वास्तुविशारद हसन फथी यांनी इजिप्तमध्ये १९४०च्या दशकात न्यू गुर्ना गाव मातीत उभारलं, ते जाड भिंतीच्या याच हिशोबाने.

जाड भिंत आणि मधला चौक आपल्यालाही नवा नाही. भोरचा १८६९चा राजवाडा बघून या. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ही युक्ती इथेही चालते.

घोडं अडतं जूनमध्ये. वेल्ह्यात (कागदोपत्री आता राजगड तालुका) ढग रात्रीची उष्णता अडवतात, सपाट स्लॅबवर पाणी तुंबतं, तिरप्या सरी उघड्या भिंतीवर आपटतात. ओल शिरते, गिलावा फुगतो, पांढरा रंग शेवाळाने काळा पडतो. त्यात भिंत चार इंची आणि पश्चिमेला अख्खी काच असेल, तर ते घर धड वाळवंटाचं नाही, धड मावळाचं नाही.

साधेपणा जरूर ठेवा. फक्त नकाशा पास करण्याआधी आर्किटेक्टला विचारा: पश्चिमेच्या भिंतीबाहेर छप्पर किती फूट येणार?