कवकीय रक्तसंक्रामण
कवक (बुरशी) रक्तप्रवाहात शिरून होणारा गंभीर विकार. रुग्णालयांत तो मुख्यत्वे कँडिडा वंशातील यीस्टांमुळे होतो. शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, प्रतिजैविकांचा प्रदीर्घ वापर व उदरावरील मोठी शस्त्रक्रिया यांमुळे त्याचा धोका वाढतो. पूर्वी बहुतांश रुग्णांत कँ. आल्बिकान्स ही जाती आढळे. १९९० नंतर फ्ल्युकोनॅझोल या औषधाचा वापर वाढला आणि त्यास कमी दाद देणाऱ्या कँ. ग्लॅब्राटासारख्या जातींचे प्रमाण अनेक देशांत वाढले. भारतात कँ. ट्रॉपिकॅलिस विशेष आढळते. कँ. ऑरिस या जातीचे वर्णन २००९ मध्ये जपानमधील रुग्णाच्या कानातून मिळालेल्या नमुन्यावरून करण्यात आले. ती बहुधा फ्ल्युकोनॅझोलास दाद देत नाही; त्वचेवर व खाटांवर टिकून रुग्णारुग्णांत पसरते. त्यामुळे जातीची अचूक ओळख व स्वच्छता यांना औषधाइतकेच महत्त्व आले आहे.