उष्ट्या ताटांच्या दोन मांडण्या

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे फेरीवाल्यांचे ठेले एका छपराखाली आणलेल्या जागेत, जेवण उरकलं की उष्टा ट्रे ठेवायला दोन मांडण्या दिसतात. एक हलाल जेवणाची, दुसरी बाकीच्यांची. डुकराचं मांस शिजवणारा चिनी ठेला आणि कोंबडीचे साटे भाजणारा मलय ठेला एकाच छपराखाली असतात. दोघांची गिऱ्हाइकं एकाच टेबलाशी बसून आपापलं खातात, भांडी मात्र एकत्र होऊ देत नाहीत. या शहराच्या बहुसांस्कृतिकतेबद्दल फार गोड बोललं जातं. मनं किती जुळली ते देव जाणे, पण खरकटं कुठे जायचं याची व्यवस्था चोख लावली आहे, आणि माझ्या मते इथल्या खाद्यसंस्कृतीचं मर्म तिथेच आहे.

बंदर वाढलं तसे दक्षिण चीनमधून होक्किएन, तिओच्यू आणि हैनानी लोक आले, दक्षिण भारतातून तमिळ आणि मलबारी आले, जवळच्या बेटांवरून जावाचे लोक आले. मलय तर होतेच. आलेल्यांपैकी पुष्कळ जण एकटे पुरुष, ना बिऱ्हाड ना चूल. गिरणगावात खानावळींनी जी गरज भागवली, ती इथे खांद्यावर कावड घेऊन हिंडणाऱ्या फेरीवाल्यांनी भागवली. पण रस्त्यावर नळ नव्हता. एकाच बादलीत वाट्या विसळायच्या आणि उरलंसुरलं गटारात, तिथून नदीत. 1950 मध्ये फेरीवाल्यांच्या प्रश्नावर चौकशी आयोग बसला. स्वातंत्र्यानंतर 1968-69 मध्ये सरकारने बेटभर त्यांची नोंदणी केली. 1971 पासून सेंटरं बांधायला सुरुवात झाली आणि 1986 पर्यंत बहुतेक ठेले रस्त्यावरून छपराखाली आले. याच काळात, 1977 पासून, सिंगापूर नदी साफ करण्याची दहा वर्षांची मोहीम चालली. फेरीवाले हलवल्याशिवाय ती पार पडलीच नसती.

सरकारने पाककृतीला हात लावला नाही. त्याने पाणी, वीज, सांडपाण्याची वाट, बसायला सामायिक टेबलं आणि परवाना दिला. आपल्याकडे 2014 मध्ये फेरीवाल्यांसाठी कायदा झाला. नळाचं काय झालं ते आपल्या नाक्यावर जाऊन पाहावं.

आता ताटाकडे वळू. हैनानी चिकन राइसची प्लेट दिसायला अगदी फिकट. कोंबडी मंद आचेवर अख्खी शिजवून थंड पाण्यात बुडवतात, म्हणजे कातडी घट्ट होते. खरी करामत भातात आहे. कोंबडीच्याच चरबीवर आलं-लसूण परतून, तांदूळ तिच्याच रश्शात शिजवायचे आणि वासाला पांदानची पानं घालायची. सोबत मिरचीची आंबटसर चटणी. पुलाव-बिर्याणीवर वाढलेल्या जिभेला पहिला घास मिळमिळीत वाटेल. चटणी लावून दुसरा घ्यावा, मग बोलावं.

फिश हेड करीचं श्रेय 1950 च्या सुमारास खानावळ चालवणाऱ्या एका केरळी गृहस्थाला दिलं जातं. चिनी गिऱ्हाइकांना माशाचं डोकं आवडतं हे हेरून त्यांनी ते चिंचेच्या आंबट रश्शात सोडलं. ‘मी गोरेंग’ हा पदार्थ तर आणखी गमतीशीर. चिनी पिवळ्या नूडल्स, मलय नाव, आणि ठेल्यावर परतणारा बहुधा तमिळ मुसलमान. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये हा ‘भारतीय’ पदार्थ हमखास मिळतो, पण भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला तो ओळखूही येत नाही. एकाने दुसऱ्याच्या चवीवर डोळा ठेवून धंदा केला, त्यातून हे पदार्थ झाले. सौहार्दाच्या भाषणांतून एकही झालेला नाही.

कॉफीचा ठेला वेगळाच असतो. साखर आणि मार्जरीन घालून काळ्याकुट्ट भाजलेल्या बिया, कापडाची लांब गाळणी आणि तळाशी आटीव गोड दूध. नुसतं ‘कोपी’ म्हणाल तर हीच मिळेल. ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची, त्यापुढे ‘कोसोंग’ म्हटलं की बिनसाखरेचीही.

मानसन्मान भरपूर झाले. 2016 मध्ये मिशलिनने दोन ठेल्यांना तारे दिले, डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण कढईपुढे उभा असलेला माणूस साठीला टेकला आहे. पहाटे उठून रस्सा चढवायचा आणि दिवसभर वाफेत उभं राहायचं. मुलांना हे नको असतं, आणि बापाचीही तशी इच्छा नसते. रस्त्यावरून हलवलेल्या पहिल्या पिढीला सवलतीचं भाडं मिळालं. नव्याने येणाऱ्याला ठेल्यासाठी निविदा भरावी लागते. आणि गिऱ्हाईक? रेस्टॉरंटमध्ये वीस डॉलर निमूट मोजणारा माणूस इथे चिकन राइस पन्नास सेंटनी महागला की कुरकुरतो. वारसा म्हणून मिरवायचं आणि किंमत मात्र जुनीच मोजायची, हा दुटप्पीपणा या सेंटरांच्या मुळावर येईल असं मला वाटतं.

सिंगापूरला जाणार असाल तर दुपारी साडेअकराच्या आत सेंटर गाठा, नंतर कचेऱ्यांची गर्दी लोटते. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी अडवलेली आहे. तुम्हीही तेच करा. शाकाहारी असाल तर लाक्सा नावाच्या नूडल्सच्या नारळी रश्शाला भुलू नका, त्यात सुकी कोळंबी असते. चिनी बौद्धांचे शाकाहारी ठेले बऱ्याच सेंटरांत आहेत, ते शोधा. आणि उठताना ट्रे योग्य मांडणीत ठेवा. 2021 पासून तसं न करणाऱ्यावर कारवाई होते.