होडीतली वीज – भाग ६ : फ्यूज कोणाला वाचवतो?

गेल्या आठवड्यात बॅटरी आणि आल्टरनेटरचा हिशेब मांडला. आता फ्यूजच्या पेटीकडे वळू. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातल्या वीस वर्षे जुन्या होडीत फ्यूज सारखे उडू लागले, की पहिला सल्ला मिळतो तो पेटी बदलण्याचा. माझे म्हणणे असे, की आधी वायरी बदला, पेटीचे मग पाहू. फ्यूज मुळात दिव्याच्या किंवा फिश फाइंडरच्या रक्षणासाठी नसतोच. पेटीपासून तिथवर जाणारी वायर जळू नये म्हणून तो असतो. वायर किती जाड आहे आणि आतून कशी आहे हेच ठाऊक नसेल, तर फ्यूज किती अँपिअरचा घालायचा हे ठरवणार कशावरून? १० अँपिअरच्या जागी ३० चा घातला की उडणे थांबते खरे, पण मग वितळायला वायरच उरते, आणि ती लाकडाला खेटून, डिझेलच्या टाकीजवळून गेलेली असते.

यावर नेहमीचा प्रश्न येतो : १२ व्होल्टचा साधा शॉकही बसत नाही, मग भीती कसली? शॉक बसत नाही हे मान्य. आगीचे गणित वेगळे आहे. ६० वॅटच्या दिव्याला घरातल्या २३० व्होल्टवर पाव अँपिअर पुरतो, १२ व्होल्टवर तोच भार ५ अँपिअर ओढतो. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वीसपट प्रवाहाला त्याच वायरीत चारशेपट. शिवाय दाब गळतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटरवरच्या दिव्यापर्यंत नेली, तर जाऊन-येऊन २० मीटरांत एक व्होल्टाहून जास्त वाटेतच संपतो. दिवा मंदावतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या जहाजाला होडी उशिरा दिसते. ही गळती नव्या पेटीने भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा : तांबे ते तांबेच, मग घरगुती वायर का नको? एकाच जाड तारेची वायर इंजिनच्या थरथरीने तुटते. अनेक बारीक तारांची साधी वायर तुटत नाही, पण खारे पाणी टोकातून आत चढते आणि वरचे आवरण धडधाकट दिसत असताना आतले तांबे काळे पडते. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तारांची वायरच हवी, महाग असली तरी. घरचा एसी एमसीबीही इथे लावू नये. डीसी प्रवाह क्षणभरही शून्यावर येत नाही, त्यामुळे त्यातली ठिणगी विझेलच असे नाही. बिल्ज पंपाची वायर मात्र मुख्य स्विचला वळसा घालून, बॅटरीलगतच्या स्वतंत्र फ्यूजमधून न्यावी, म्हणजे होडी बंदरात बंद उभी असतानाही पाणी उपसले जाईल.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नाखवांनी त्या दिवसांत, पेटी विकत आणण्यापूर्वी, प्रत्येक वायरीचे टोक सोलून पाहावे. तांबे काळे निघाले, तर टोक कापून पुन्हा जोडू नका. ती वायर पुरती काढून टाका.