डोळा लवतोय? शकुनाबरोबर दिवसही मोजा!

डोळा लवला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "उजवा की डावा?" पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा लवला तर शुभ, उलट झाले तर अशुभ. हा समज फार जुना. वाल्मीकी रामायणात अशोकवनातल्या सीतेचा डावा डोळा लवतो आणि पुढे तिला रामाची वार्ता कळते. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंताच्या दरबारात शकुंतलेचा उजवा डोळा लवतो आणि राजा तिला ओळख देत नाही. चीनमध्ये मात्र डावा डोळा धनलाभाचा आणि उजवा संकटाचा मानतात. म्हणजे आमच्या इंदुरातल्या एखाद्या काकांचा डावा डोळा इथे अशुभ, तिकडे लाभाचा!

डॉक्टरांचे कारण सगळीकडे एकच आहे. पापणीभोवती एक गोलाकार स्नायू असतो. अपुरी झोप, ताण, जास्त चहा-कॉफी, डोळ्यांचा कोरडेपणा, तासन् तास मोबाईल यांमुळे त्याचे काही तंतू आपोआप थरथरतात. याला मायोकिमिया म्हणतात. बहुधा एकाच डोळ्याची पापणी, त्यातही खालची, लवते. पुरेशी झोप घेतली, चहा कमी केला, डोळ्यांना विश्रांती दिली की काही दिवसांत ते थांबते.

पण नेहमीच नाही. माझ्या मावशीचा डावा डोळा कित्येक महिने लवत होता. "चांगलंच आहे, काहीतरी शुभ घडणार," असे सगळ्याजणी म्हणायच्या. हळूहळू गालही ओढला जाऊ लागला, मग ओठाचा कोपरा. बोलताना ती तोंडावर पदर धरू लागली, लग्नकार्याला जायचे टाळू लागली. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केले, हेमिफेशियल स्पॅझम. चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनीचा दाब पडत होता. आता दर तीन-चार महिन्यांनी बोट्युलिनमचे इंजेक्शन घेते आणि चारचौघांत मोकळेपणी हसते.

मला वाटते, उजवा डोळा लवला असता तर ती घाबरून कधीच डॉक्टरांकडे गेली असती. शुभ शकुनानेच तिला थांबवून ठेवले.

म्हणून शकुन हौसेने पाहा, पण दिवसही मोजा. दोन-तीन आठवड्यांत लवणे थांबले नाही, डोळा पूर्ण मिटू लागला, गाल किंवा ओठ ओढला गेला, पापणी खाली पडली, किंवा डोळा लाल होऊन सुजला, तर डॉक्टरांना दाखवा. डोळा उजवा असो की डावा!