देवगिरीची सहल: कैदखाना आणि अंधारी

जानेफळहून चारचाकीने निघालात, तर मेहकरला समृद्धी महामार्ग धरा आणि माळीवाड्याला उतरा. दौलताबाद, म्हणजेच देवगिरी, तिथून जवळच. (समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. एसटीने मेहकर, जालना, छत्रपती संभाजीनगर असे टप्पे घ्यावे लागतात.)

किल्ल्यात चाँद मिनारावरून पुढे गेलात की निळ्या-पांढऱ्या फरशांचे अवशेष मिरवणारा चिनी महाल दिसतो. बरेच जण फोटो काढून पुढे जातात, तुम्ही थांबा. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला इथेच कैदेत ठेवलं आणि तो इथून जिवंत बाहेर पडला नाही.

खंदक ओलांडल्यावर अंधारी लागते. हा कैदखाना नव्हे. शत्रूला चकवण्यासाठी डोंगराच्या पोटात खोदलेली ही वळणावळणाची वाट, आणि यादवांच्या या राजधानीतलं सगळ्यात थरारक ठिकाण. आत मिट्ट काळोख, असमान पायऱ्या, वटवाघळांचा उग्र वास. चांगली बॅटरी हवीच, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. लहान मुलांचा हात सोडू नका. दम्याचा त्रास असलेल्यांनी खालचाच किल्ला निवांत पाहावा. माथ्यावरची बारादरी गाठायची असेल, तर उन्हं चढायच्या आत चढाईला लागा आणि पाणी सोबत घ्या.